मूठ

तेल्सेनहून गान गानकडे, सगळा खडीचा रस्ता.
ट्रकांनी पाडलेल्या तीन चाकोऱ्या,
मधे गोट्यांसारख्या खडीचे बांध.
वारा पश्चिमेचा. दुसऱ्या दिशेचा वारा
या भागात मी अजून पाहिलेला नाही.
मागच्या पेटीत लसी, बर्फाच्या पिशव्या,
आणि पुढे मी, जीव मुठीत धरून.
म्हणजे खरंच: अर्धा डाव्या मुठीत, अर्धा उजव्या.

थांबले तेव्हा बोटं हँडल सोडेनात.
दोरीवर गोठलेले कपडे काढावेत
तशी एकेक करून सोडवली.
थर्मासचं झाकण फिरेना.
येर्बाचा कडू चहा आत वाफाळतोय
आणि मी बाहेर, झाकणाला दात लावून.

दोन्या रुपेर्ता नाऊएल्किरनं कुंपणातून ते पाहिलं.
चाळीस हंगाम मेंढ्या कातरलेली बाई,
तिची मोटरसायकल वयानं माझ्याहून मोठी,
सीटवर मेंढीचं कातडं.
झाकण तिनं दोन बोटांनी काढलं.
"मेंढी कशी धरतेस?"
धरलेली नाही कधी, मी म्हटलं.
"मग तुला काय सांगायचं," म्हणाली,
आणि तरी सांगत राहिली:
घट्ट धरलीस की तिला कळतं, पळायला हवं.
गुडघ्यांत धर. हात नुसते असू देत,
तिचं अंग कुठे चाललंय ते ऐकायला.
पुढचं चाक वळवळेल. वळवळू दे.
रस्ता त्याच्या पायाखाली आहे, तुझ्या नाही.

मी हो हो केलं.
पुढचे वीस किलोमीटर ठरवून बोटं सैल सोडली
आणि खडीचा बांध दिसला रे दिसला
की ती आपली आपण आवळली.
सैल व्हायचं ठरवणं म्हणजे
दात-ओठ खाऊन झोपी जाणं.
चाक लटपटलं, म्हणून मी दाबलं,
दाबलं म्हणून अजून लटपटलं.
एक ग्वानाको तोंड हलवत बघत होता,
चेहरा शाळा तपासायला आलेल्या साहेबाचा.

वस्तीवर सात मुलं.
सातवा आउकान, पाच वर्षांचा,
मूठ अशी वळलेली की दंडाचा दगड.
मी रोजचं वाक्य म्हटलं,
वर्षाला हजारदा म्हणते ते:
"हात सैल सोड, राजा. आवळलास की जास्त दुखतं."
आणि सुई हातात घेऊन तशीच थांबले.

त्यानं विचारलं, "कसा सोडायचा?"

अकरा वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं.
काही सुचेना. म्हटलं,
"अकॉर्डियन वाजव. नसला म्हणून काय झालं."
त्यानं हवेत बोटं नाचवली,
मान तिरपी, डोळे मिटून, त्याच्या मामासारखी असणार.
गाणं संपायच्या आत सुई जाऊन आली.
"झालं?"
"झालं."
आपल्याला फसवलं की काय, असं त्याला वाटलं असावं.

दक्षिणेला उतरताना वारा उजव्या अंगानं आला.
गाडी त्याच्यावर थोडी रेलली,
ओळखीच्या माणसावर रेलावी तशी.
मी हँडलवर बोटं नाचवली.
हेल्मेटच्या आत गायले, बेसूर, मोठ्यानं.
टाकी गुडघ्यांत धरली, कोपरं आपोआप खाली आली.
खडीचा बांध आला.
चाक डावीकडे गेलं, उजवीकडे गेलं,
खिशात किल्ली चाचपावी तसं काही शोधत,
आणि त्याला सापडलं.
मी फक्त बरोबर होते.

सगळा रस्ता नाही. सांगायचं तर खरं सांगावं.
कोरड्या नदीच्या उतारावर मूठ पुन्हा आवळली,
लोकरीचा ट्रक अंगावर आला तेव्हा तर
पायाची बोटंसुद्धा.

रुपेर्ता घरी नव्हती.
कुंपणावर कातडं वाळत होतं, कुत्रा भुंकून कंटाळला.
मी थर्मास काढला. झाकण फिरलं.
चहा पार कोमट झालेला, तळाशी पाला.
उभ्यानंच प्यायले, सगळा.